ओळंबा खुणेवर येईना

५ नोव्हेंबर

जावयानं वर्षाच्या सुरुवातीला दिलेली ही डायरी आजवर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाखाली होती. सुताराच्या घरचं टेबल डुगडुगतं, याचं आमच्या हिला भारी कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला हलवून दाखवते. आज पायाला लाकडाची चकती बसवली आणि डायरी मोकळी केली. आज जे झालं ते कुठेतरी लिहावंसं वाटलं, आणि हिला सांगायला गेलं की माझ्याआधी हीच बोलते.

आज लेक कारखान्यात आली. घरी ती येतेच, दर रविवारी येते. पण परसातल्या माझ्या कारखान्यात तिनं तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. मी पाठमोरा रंधा मारत होतो. "बाबा" ऐकलं आणि हात जागीच थांबला. लहानपणी ती इथेच, रंध्यातून निघालेल्या कुरळ्या ढलप्यांच्या ढिगात लोळायची. केसही तसेच कुरळे. म्हणून मी तिला ढलपी म्हणतो. म्हणायचो.

"बाबा, एक गिऱ्हाईक आणलंय. झुलती खुर्ची हवी आहे. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंना."

"मग पाठव त्यांना. बसवून माप घेतल्याशिवाय मी खुर्ची करत नाही, माहितेय ना तुला?"

"त्यांना नाही जमणार यायला. माझंच माप घ्या. आमची चण अगदी एक आहे."

बाईंच्या मागण्याही ऐकण्यासारख्या. हात रुंद हवेत, कोपर टेकवून तास न् तास बसता यावं असे. आसन बुटकं, टाचा जमिनीला टेकतील इतकं. झुलताना आवाज अजिबात नको. एवढ्या मोठ्या बाई आणि खुर्ची बुटकी! असतात एकेकाच्या तऱ्हा.

बोलताना सारखी रुमाल नाकाशी धरत होती. पॉलिशचा वास सोसवत नाही म्हणाली. त्या वासात झोपणारी पोर ही. ऑफिसात बसून माणूस नाजूक होतं.

आणि हो, खुर्ची शिसवाची हवी आहे.

६ नोव्हेंबर

शिसव म्हणे. मागायला काय जातं!

दोन वखारी पालथ्या घातल्या. पहिल्या वखारवाल्यानं एक काळीभोर फळी काढून दिली. मी नखानं खरवडली तर आतून पांढरं लाकूड डोकावलं. म्हटलं, "हिला आंघोळ घालून आण, मग बोलू." दुसरा जुना माणूस, खोटं बोलत नाही. म्हणाला, "मास्तर, शिसव आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरलंय."

खरंच आहे. ते झाड वाढायला माणसाचं सबंध आयुष्य घेतं आणि तोडणाऱ्याला दुपार पुरते. आता कुणी तोडूही देत नाही, तेही बरंच. मिळतं ते जुन्या सामानातून. काळपट तपकिरी, मध्येच जांभळी रेघ, आणि वजन असं की पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला जाईल. रंध्याला दाद देत नाही. पण एकदा वळलं की वळण सोडत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

जेवताना लेक हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे एक फळी आहे ना? माळ्यावरची?"

"ती विकायची नाही."

"बाईंना तीच हवी आहे."

"बाईंना माझ्या माळ्याची खबर कशी?"

"मीच बोलले असेन कधीतरी." मान खाली घालून भात चिवडत राहिली. जावई उगाच पाणी प्यायला. ही माझ्याकडे अशी बघत होती जणू मी कुणाच्या तोंडचा घास काढलाय.

मी म्हटलं, "सागाची करतो. उत्तम करतो. पण ती फळी नाही."

"बरं," ती म्हणाली. "सागाची तर सागाची."

ती गेल्यावर ही भांडी घासताना म्हणाली, "चांभाराची नजर जोड्यावर आणि तुमची खुर्चीवर. कधी माणसाकडे बघा." आता कुठल्या माणसाकडे बघायचं? गिऱ्हाईक तर समोर येत नाही!

त्या फळीबद्दल लिहितोच. इथे वाचणारं कोण आहे?

एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाचा शिसवी काउंटर मला मिळाला होता. किती पिढ्यांचे हात फिरून गुळगुळीत झालेला. लेकीला दिवस गेल्याचं कळलं आणि मी अर्धा काउंटर चिरून पाळणा केला. ही म्हणत होती, अहो जरा दमानं घ्या. मी कुठला ऐकतोय! सहाव्या महिन्यात पाळणा दारात उभा होता. लेक त्याच्या कडेवरून बोटं फिरवत बराच वेळ बसली होती. आणि सातव्यात ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली.

तेव्हा मला एवढंच म्हणाली, "बाबा, आता माझ्यासाठी काही करू नका." रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पाळणा चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. उरलेली फळी त्याच्याच शेजारी आहे. तिच्यावर मी कुणा मोठ्या बाईंना बसवणार नाही.

१५ नोव्हेंबर

लेकीचं माप घेतलं. गुडघ्यापासून टाच, पाठीचा बाक, कोपराची उंची. मधेच विचारते, "बाबा, मांडीवर उशी ठेवून कोपर कुठे येईल?" म्हटलं, बाई मांडीवर उशी घेऊन बसतात का? "वाचतात त्या," म्हणाली. "जाड पुस्तकं वाचतात."

मग कोपर दोन बोटं वर धरला. गिऱ्हाइकाचं ऐकावं.

२९ नोव्हेंबर

आज कच्ची खुर्ची उभी राहिली. पॉलिश नाही, खालच्या, झुलायच्या दोन कमानी नुसत्या पाचर मारून अडकवलेल्या. आता परीक्षा.

माझ्या उस्तादांनी शिकवलेली रीत अशी: खुर्चीच्या हाताच्या टोकाला ओळंबा, म्हणजे दोरीला लोंबणारं वजन, बांधायचा. बसणाऱ्यानं अंग सैल सोडायचं, पाय उचलायचे. खुर्ची झुलून झुलून जिथे आपोआप थांबेल तिथे ओळंब्याची दोरी कमानीवरच्या खुणेला भेटली पाहिजे. दोरी पुढे गेली तर खुर्ची माणसाला ढकलते, मागे गेली तर उताणं पाडते. खुणेवर आली तर माणसाला वाटतं, आपल्याला कुणी धरलंय. उस्ताद म्हणायचे, खुर्ची बसायला कुणीही करतो, विसावायला करणारे थोडे.

लेक बसली, पाय उचलले, डोळे मिटले. दोरी हलली, हलली आणि अगदी खुणेवर थांबली. केसाचाही फरक नाही!

मी मोठ्यानं हसलो. तीही हसली. कारखान्यात तिचं हसणं ऐकून किती दिवस झाले होते.

१३ डिसेंबर

पाठीच्या पट्ट्या बसवल्या. सकाळी इतकं धुकं की सरस वाळेना. लेक आली नाही. दमते म्हणे. हिनं डबा भरून जावयाकडे दिला. इतका मोठा डबा की मी म्हटलं, पलटण जेवायची आहे का?

३ जानेवारी

डायरी गेल्या वर्षाची, म्हणून मी तिच्यातली जानेवारीपासूनची कोरी राहिलेली पानं वापरतोय. वार चुकतात, दिवस बरोबर आहेत.

आज दुसरी बैठक होती. लेक हिची जाडजूड शाल लपेटून आली. चेहऱ्यावर तेज आलंय, जरा भरलीही आहे. मी म्हटलं, "काय गं, ऑफिसात काम करतेस की नुसतं खातेस?" तर हिनं माझ्या पायावर पाय दिला. पायात लाकडी तळाच्या चपला असतात हिच्या, मीच केलेल्या.

लेक बसली. पाय उचलले. दोरी खुणेच्या पुढे गेली.

परत झुलवली. परत पुढेच. चांगली बोटभर.

"ठीक आहे ना, बाबा?"

"ठीक आहे," म्हटलं. पण ठीक नाही. साग मुरलेला होता, मी स्वतः निवडलेला. मग कमान वळली का? पाणसळ लावून जमीन बघितली. जमीन सरळ. काटकोन बघायला कमानींखाली गुण्या धरला. काही कळेना.

५ जानेवारी

कमानी काढून मागच्या अंगाला रंधून थोड्या उतरवल्या. आता माणूस बोटभर मागे विसावेल. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील म्हणून कुणाला बोललो नाही. कमान मुळात चुकली असेल तर लाकडाचा दोष नाही, डोळ्याचा आहे.

२४ जानेवारी

तिसरी बैठक. दोरी पुन्हा पुढे.

मागून उतरवल्यावर पुन्हा पुढे कशी जाते? हे शास्त्रात बसत नाही. मी वाकून, चष्मा पुसून, तीनतीनदा बघितलं. लेक वरून म्हणत होती, "बाबा, राहू द्या. मला छान वाटतंय यात."

"तुला वाटून काय उपयोग? खुर्ची बाईंची आहे."

लेक शाल गळ्यापर्यंत ओढून म्हणाली, "त्यांनाही छान वाटेल."

ती उठताना खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन हळूहळू उठली. जावई धावत आला. आजकालची जोडपी भारीच एकमेकांची काळजी घेतात. चांगलं आहे.

२५ जानेवारी

खरं तेच लिहितो. माझी नजर गेली.

चष्म्याची नाही, ती दुसरी. चाळीस वर्षं मी कमान डोळ्यानं ओढत आलो. साचा कधी वापरला नाही, त्याची घमेंडही होती. ती नजर गेली असेल तर मला खुर्च्या करायचा हक्क नाही. उद्या कुणी म्हातारी माझ्या खुर्चीतून पुढे कोसळली तर?

पलीकडच्या गल्लीतल्या कातारीकडे गेलो. लाकडाचे गोल दांडे तोच मला कातून देतो, जुना दोस्त. म्हटलं, ही शेवटची. नंतर पटाश्या, रंधे तूच घेऊन जा. तो म्हणाला, "तुझी पटाशी माझ्या हातात? मला जेवायला दहा बोटं लागतात." हसलो दोघं. पण घरी येऊन पटाश्या एकेक पुसून ठेवल्या.

हिला सांगितलं. वाटलं, थट्टा करेल. केली नाही. माझ्या हातावरचा भुसा पुसत बसली. म्हणाली, "तुमच्या नजरेला काही झालेलं नाही."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे." आणि ओठ आवळले. सबंध संसारात मी हिला पहिल्यांदाच एखादं वाक्य अर्धं सोडताना बघितलं.

२७ जानेवारी

आज लिहायचंच आहे.

सकाळी ही चहा घेऊन कारखान्यात आली. मी म्हटलं, तू बस बरं जरा. लेकीची चण हिच्यावरच गेली आहे. ही "माझी कसली परीक्षा" म्हणत बसली, पाय उचलले आणि किंचाळली, "अहो, उताणी पाडता की काय मला!"

दोरी खुणेच्या मागे. बोटभर मागे.

म्हणजे कमान माझ्या हाताबरहुकूम वागत होती. मी जितकी उतरवली तितकीच मागे गेली होती. लाकूड खरं बोलत होतं, नजरही ठीक होती. मग लेक बसली की ओळंबा पुढे का जातो? तिचा भार हिच्यापेक्षा पुढे कुठेतरी आहे. पाठीत नाही, पायांत नाही.

खिळ्यांचा डबा हाताशी होता. तो उचलला आणि हिच्या मांडीवर ठेवला, पोटाला अगदी लागून.

दोरी हलली. पुढे आली. खुणेवर थांबली.

हिनं तो डबा दोन्ही हातांनी धरला. खिळ्यांचा डबा असा कुणी धरत नाही. मी हिच्याकडे बघितलं. हिचे डोळे भरून आले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांनी ही हसत होती.

मी खाली भुशातच बसलो. काही विचारलं नाही, हिनं काही सांगितलं नाही. लेकीनं हिच्याकडून वचन घेतलं असणार, आणि ते मी मोडून घेणार नाही. फक्त इतकंच म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." आणि मग आम्ही दोघं, वय विसरून, डोळे पुसत बसलो. चहा गार झाला.

रुमाल, शाल, मांडीवरची उशी, जेवणाचा तो मोठा डबा. दिसत सगळं होतं. मला वाटतं, बघायचं धाडस नव्हतं. एकदा बघितलं होतं आणि पाळणा करून बसलो होतो.

२८ जानेवारी

पहाटेच माळ्यावर चढलो. ही खालून शिडी धरून म्हणाली, "पाळणा नका हो काढू. अजून नको."

"पाळण्याला हातही लावत नाही," म्हटलं. "फळी काढतोय."

सागाच्या कमानी रंधून बारीक झाल्या आहेत. त्या माझ्या लेकीचा भार घ्यायच्या लायकीच्या नाहीत. नव्या करणार, शिसवाच्या. फळी चिरली तेव्हा तोच गोडसर वास सुटला, पाळण्याच्या वेळचा. वाटलं होतं, सहन होणार नाही. झाला.

वळण मात्र तसंच ठेवतोय, जे मी चूक समजून केलं होतं, फक्त मागे आणखी थोडं उतरतं. मांडीवर वजन असलं की खुणेवर येणारं. आणि कमानीचं पुढचं टोक नेहमीपेक्षा लांब ठेवणार, कारण मांडीवरचं वजन काही तेवढंच राहत नाही. ते दूध पितं आणि वाढतं.

हे एवढं लिहिलं आणि भीती वाटली. लिहू नये का? खोडत नाही. पण आता बाकीचं तिथे, लाकडात.

५ फेब्रुवारी

शिसव छळतंय. पटाशीला चारचारदा धार लावतो. छळू दे.

११ फेब्रुवारी

मेणाचं पॉलिश केलं, वास न येणारं. ही म्हणाली, "मोठ्या बाईंचे फारच लाड चाललेत." म्हटलं, गिऱ्हाईक लांबचं असलं तरी आपलंच.

झोप येत नाही. सातवा चालू आहे, मी विचारलेलं नाही तरी मोजता येतं. तेव्हाही सातवाच होता. देवाला काय म्हणावं ते मला कधी सुचत नाही, म्हणून उठून कमानी पुसतो.

२१ फेब्रुवारी

आज लेक आली. शाल नव्हती. साधा सैल झगा. दारातच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी रंध्याचं पातं पुसत म्हणालो, "ये. तुमच्या बाईंची खुर्ची झाली."

ती दोन पावलं आली आणि खाली बघून थबकली. साग पिवळसर, आणि त्याच्याखाली त्या दोन काळ्या कमानी, जांभळी रेघ टोकापर्यंत गेलेली. तिनं वाकायचा प्रयत्न केला, वाकता येईना. मग चपला काढल्या आणि पायाच्या अंगठ्यानं कमानीला हळूच स्पर्श केला.

"बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात, ती फळी नाही."

"सागाच्या कमानी बिघडल्या. दुसरं लाकूड नव्हतं."

"खरं?"

"सुतार खोटं बोलतो का?"

ही दाराआडून म्हणाली, "गिऱ्हाइकाला तारीख देताना सोडून एरवी नाही." तेव्हा कुठे लेक हसली, आणि हसताहसता रडायला लागली. मी काय करणार, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला भुसा होता, तो केसांत गेला. लहानपणी दिसायची तशी दिसायला लागली.

"मला भीती वाटत होती," म्हणाली. "तुम्हाला सांगितलं आणि परत... तर तुमच्याकडे बघवलं नसतं मला, बाबा. पण खुर्ची मला तुमच्याच हातची हवी होती. त्याच लाकडाची."

माझ्यासाठी लपवलं! तीन वर्षं मला वाटत होतं की ती माझ्यावर रुसली आहे, आणि ही पोर मला जपत होती.

म्हणालो, "हे बघ, ढलपे. खुर्ची बाईंची आहे. अजून न्यायची नाही. इथेच राहू दे. बाईंना वेळ झाला की जावई येऊन घेऊन जाईल. तोवर बाईंच्या वतीनं तू येऊन बसत जा."

"रोज?"

"रोज. खुर्चीला सवय लागते."

ती बसली. मला म्हणाली, "ओळंबा लावा ना." मी दोरी बांधली आणि गुडघे टेकून खाली बसलो. तिनं अंग सैल सोडलं, पाय उचलले. खुर्ची आवाज न करता झुलली, मंद झाली, थांबली. दोरी खुणेवर आली आणि स्थिर झाली. मी श्वास धरून बघत होतो.

मग दोरी थरथरली. अगदी थोडी, पण थरथरली.

"अगं, हलू नकोस," मी म्हणालो.

वरून तिचा आवाज आला, "मी नाही हलले, बाबा."